ॲस्टेरियास कॅक्टस पावसाळ्यात मऊ का पडतो : कारण शोधण्याचा क्रम

नाशिकमध्ये जुलै सुरू झाला की ॲस्टेरियास कॅक्टस जोपासणाऱ्यांकडून दर वर्षी एकच प्रश्न येतो : उन्हाळाभर टणक असलेले झाड मऊ पडले आहे, आता पाणी द्यावे की बंद करावे? अशी झाडे मी वर्षानुवर्षे हाताळत आलो आहे. त्यांतली जी दगावली, त्यांतील बरीचशी चुकीच्या वेळी दिलेल्या पाण्याने दगावली, असे माझे ठाम मत झाले आहे. तहानेने आलेला मऊपणा आणि कुजल्याने आलेला मऊपणा लांबून पाहणाऱ्याला सारखाच वाटतो, उपाय मात्र एकमेकांच्या अगदी उलट आहेत. म्हणून हातात झारी किंवा औषध घेण्याआधी कारण शोधावे, आणि ते शोधताना फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी व झाडाला इजा करणाऱ्या तपासण्या सर्वांत शेवटी कराव्यात.

ज्या झाडाविषयी हे लिहीत आहे, ते ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास. काटे नसलेले, चपटे, बहुधा आठ फाकांचे, राखाडी हिरव्या अंगावर पांढऱ्या लोकरी ठिपक्यांच्या ओळी असलेले हे झाड टेक्सासच्या दक्षिण टोकाला असलेल्या स्टार काउंटीत आणि मेक्सिकोच्या तामाउलिपास व नुएवो लिओन या राज्यांत नैसर्गिकरीत्या वाढते. तेथे ते उघड्या वाळूत उगवत नाही, तर काटेरी झुडपांच्या विरळ सावलीत, जमिनीशी जवळजवळ समतल होऊन राहते आणि कोरड्या हंगामात आकसून मातीत ओढले जाते. अमेरिकेने १९९३ मध्ये त्याला संकटग्रस्त वनस्पती ठरवले आणि साइट्स या, संकटग्रस्त वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या परिशिष्ट १ मध्ये त्याचे नाव असल्यामुळे रानातून उपटलेल्या झाडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. आपल्याकडे मिळावीत ती बियांपासून रोपवाटिकेत वाढवलेली झाडे, आणि विकत घेताना तसे विचारूनच घ्यावे.

आधी लक्षणे

सर्वाधिक आढळणारे लक्षण म्हणजे झाड सगळीकडून सारखे चपटे होणे. आठही फाका एकसमान आत ओढल्या जातात, मधला भाग खोलगट होतो, रंग मळकट किंवा किंचित तपकिरी दिसू लागतो. अंगठ्याने हलके दाबले तर कातडी दबते, पण बोट काढल्यावर हळूहळू जागेवर येते.

दुसरे लक्षण याहून गंभीर. मऊपणा एकाच बाजूला किंवा फक्त मातीलगत असतो. तेथला रंग आधी पिवळट आणि मग पाणी शोषल्यासारखा तपकिरी होतो, त्या भागातले पांढरे ठिपके कोरडे राहण्याऐवजी ओलसर व अर्धपारदर्शक दिसतात, आणि दाबल्यावर पडलेला खड्डा तसाच राहतो. कुंडीजवळ नाक नेले तर बहुतेक वेळा आंबूस वास येतो.

कधी झाड वरून ठीक दिसते, पण कुंडीत डुलते, आणि बोटाने बाजूला ढकलले की मुळाशी काही अडकलेलेच नाही असे जाणवते. अशा झाडाची मुळे गेलेली असतात, वरचा भाग कदाचित अजून शाबूत असतो, आणि हे लक्षण वेळेत ओळखले तर झाड वाचण्याची शक्यता चांगली असते.

याखेरीज तीन गोष्टी लोकांना घाबरवतात. पश्चिमेकडच्या फाकेवर पांढुरका, मग कोरडा पडत जाणारा डाग हा उन्हाचा चट्टा असतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उष्ण दिवसांत शेंड्याजवळ तांबूस खरबरीतपणा येतो, तो लाल कोळीचा. आणि जुन्या झाडाच्या बुडाशी येणारी कडक, कोरडी, तपकिरी साल ही वयाची खूण असते, रोग नव्हे. ती वर्षागणिक थोडी थोडी वर चढते आणि दाबल्यावर लाकडासारखी टणक लागते. केवळ ही साल पाहून निरोगी झाडाला चाकू लावलेला मी पाहिला आहे, म्हणून ती मुद्दाम येथे नोंदवतो.

हे नक्की ॲस्टेरियासच आहे ना?

एक मिनिटाची ही तपासणी सर्वांत आधी करावी, कारण दक्षिण आफ्रिकेतील युफोर्बिया ओबेसा हे झाड दिसायला याच्याशी विलक्षण मिळतेजुळते आहे आणि रोपवाटिकेतल्या ट्रेमध्ये दोन्ही शेजारी ठेवलेली असतात. ॲस्टेरियासच्या प्रत्येक फाकेच्या मध्यावरून लोकरीचे गोल पुंजके एका ओळीत जातात, ओबेसावर तशी लोकर नसते. फरक महत्त्वाचा अशासाठी की ओबेसाला खरचटले तरी पांढरा चीक निघतो, आणि तो डोळ्यांत गेला तर डोळ्यांना तीव्र जळजळ होते. खाली कापण्याविषयी जे लिहिले आहे, ते ॲस्टेरियाससाठी आहे. चीक निघाला तर तेथेच थांबावे, हात साबणाने धुवावेत आणि पुढे हातमोजे व चष्म्याशिवाय त्या झाडाला हात लावू नये.

बोट, नाक आणि महिना

झाडाला चारही बाजूंनी, आणि मातीलगत खास करून, अंगठ्याने हलके दाबून पाहावे. सगळीकडे सारखा मऊपणा म्हणजे पाण्याची कमतरता, आणि एका ठिकाणी रुतणारा मऊपणा म्हणजे कूज, हा नियम दहापैकी आठ-नऊ वेळा खरा ठरतो असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. दाबलेली जागा लगेच पुसून कोरडी करावी आणि दुसऱ्या झाडाला हात लावण्यापूर्वी हात धुवावेत.

त्यानंतर महिना पाहावा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचे किमान तापमान दहा अंशांच्या खाली उतरते, निफाडकडे त्याहूनही खाली, आणि पाणी बंद केलेले झाड या काळात चपटे होणे अपेक्षितच असते. अशा वेळी काही करू नये. फेब्रुवारीच्या मध्यात उन्हाचा जोर वाढला की पहिले पाणी दिल्यावर ते आठवडा-दहा दिवसांत भरून येते. हाच चपटेपणा जुलैत दिसला तर मात्र पुढची तपासणी केल्याशिवाय राहू नये, कारण सभोवती ओलावा असताना झाड तहानलेले असणे याचा अर्थ त्याला पाणी पिता येत नाही, असा होतो.

कुंडीचे वजन आणि काडी

कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यावा, आणि अगरबत्तीची जुनी काडी किंवा बांबूची बारीक काडी कडेने थेट तळापर्यंत घालून पाच मिनिटांनी बाहेर काढावी. वरचा थर कोरडा आणि तळ ओला, ही स्थिती नाशिकच्या पावसाळ्यात इतकी सर्रास आढळते की वरची माती पाहून पाणी देण्याची सवय सोडूनच द्यावी.

येथे एक कारण समजून घेण्यासारखे आहे. कॅक्टस आपली पर्णरंध्रे दिवसा मिटून घेतो आणि रात्री उघडतो. जुलै-ऑगस्टच्या रात्री नाशिकची हवा दमट असते, त्यामुळे उघडलेल्या रंध्रांतून बाहेर जाणारे पाणी फारच थोडे असते. झाड पाणी उडवत नाही, म्हणून ते मुळांतून ओढतही नाही, आणि उन्हाअभावी कुंडीही वाळत नाही. एप्रिलमध्ये तीन-चार दिवसांत सुकणारी तीच कुंडी ऑगस्टमध्ये पंधरा-पंधरा दिवस ओली राहू शकते. उन्हाळ्यातले वेळापत्रक पावसाळ्यात पुढे चालवले, तर ओलावा कधी सुटतच नाही.

काडी ओली आणि झाड चपटे असेल, तर पाणी अजिबात देऊ नये, थेट मुळांच्या तपासणीकडे जावे. काडी तळापर्यंत कोरडी आणि झाड सगळीकडून सारखेच मऊ असेल, तर एकदा, सकाळी, कडेकडेने, फक्त माती भिजेल इतके पाणी देऊन चार-पाच दिवस वाट पाहावी. झाड भरू लागले तर काम संपले. तसेच राहिले तर मुळे काम करत नाहीत, हे सिद्ध झाले, आणि दुसऱ्यांदा पाणी देणे धोक्याचे आहे.

कुंडी कोठे ठेवली आहे

ही तपासणी खर्चाची नाही, पण निष्काळजीपणे केली जाते. कुंडीखाली बशी असेल तर ती काढून टाकावी. तळाचे छिद्र बोटाने चाचपून मोकळे आहे ना ते पाहावे, कारण मुळे किंवा चिकट माती ते बुजवतात. फरशीवर सपाट टेकलेली कुंडी दोन पातळ विटकरांवर उचलून ठेवावी.

नाशिकचा पाऊस प्रामुख्याने पश्चिमेकडून, वाऱ्यासह येतो. त्यामुळे छपराखाली असलेल्या गॅलरीतही कठड्याजवळच्या कुंड्या तिरक्या सरींनी भिजतात आणि मालकाला ते कळतही नाही, कारण तो त्या वेळी खिडकी लावून आत असतो. इंदिरानगरातील एका गॅलरीत सात-आठ कुंड्यांची रांग होती आणि फक्त कठड्याकडची दोनच झाडे मऊ पडत, मग ती कोणतीही ठेवली तरी. पाऊस सुरू असताना कुंड्यांजवळ उभे राहिल्यावरच कारण दिसले. असे असेल तर द्राक्षबागांवर किंवा पॉलिहाऊसवर वापरतात ती पारदर्शक प्लास्टिक फिल्म पश्चिमेच्या बाजूला लावावी, मात्र वर आणि खाली हवा खेळण्यास वीतभर जागा सोडावी. चारही बाजूंनी बंद केलेली फिल्म पावसापेक्षा जास्त नुकसान करते.

गच्चीवरच्या कुंड्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते पावसाळ्यातल्या निम्म्या तक्रारींचे मूळ तेथे, मे महिन्यात असते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची पश्चिमेकडची भिंत मेच्या दुपारी हात लावू देत नाही इतकी तापते. त्या भिंतीला टेकलेली बारीक मुळे त्या उष्णतेने आणि कोरडेपणाने मरतात. झाड वरून तसेच दिसते. मग अखेरच्या पंधरवड्यात वळवाची एखादी जोरदार सर येते, तापलेल्या कुंडीत पाणी साठते, आणि मेलेल्या मुळांवर बुरशीला हवी तशी ऊब व ओल एकत्र मिळते. तेथून कूज आत सरकते आणि बाहेर मऊपणा दिसायला जुलै उजाडतो. अशी कुंडी उलटी करून पाहिली, तर पश्चिमेकडच्या अर्ध्या भागात पोकळ तपकिरी दोरे आणि पूर्वेकडच्या अर्ध्या भागात पांढरी टोके असलेली जिवंत मुळे, असे स्पष्ट दोन भाग मी अनेकदा पाहिले आहेत. यावर उपाय म्हणजे एप्रिल-मेमध्ये पन्नास टक्के शेडनेट, मातीची किंवा फिकट रंगाची कुंडी, आणि वळवाच्या दिवसांत आडोसा. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीच, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, कुंड्या पूर्ण कोरड्या होऊन छपराखाली गेलेल्या असाव्यात.

हीच काळजी पावसाळा संपताना घ्यावी. सप्टेंबरअखेर आकाश मोकळे झाले की लोक आच्छादन काढतात, आणि मग हस्ताचा पाऊस येतो. शिवाय चार महिने ढगाळ उजेडात राहिलेल्या झाडाला ऑक्टोबरचे ऊन एकदम मिळाले तर चट्टे पडतात. आच्छादन टप्प्याटप्प्याने काढावे, आणि पडलेला चट्टा कोरडा व टणक असेल तर तो तसाच सोडून द्यावा.

भिंगातून

साधे भिंग घेऊन फाकांमधल्या खाचा आणि लोकरीचे पुंजके पाहावेत. पिठ्या ढेकूण, ज्याला द्राक्ष बागायतदार मिलीबग म्हणतात, या झाडावर हमखास नजरेतून सुटतो, कारण झाड मुळातच पांढऱ्या ठिपक्यांचे आहे. ओळखण्याची खूण अशी की झाडाचे स्वतःचे ठिपके एका ओळीत व आकाराने सारखे असतात, तर कीड खाचेत, ओळ मोडून, चिकट धाग्यांसह बसते. कापसाचा बोळा लावलेली काडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक कीड उचलावी, संध्याकाळी, उन्हात नव्हे. झाड सरसकट पुसू नये, लोकरीचे ठिपके पुसले गेले की त्या जागी पुन्हा येत नाहीत.

कुंडीतून काढून मुळे पाहणे

वरच्या तपासण्यांतून समाधान झाले नाही, किंवा झाड डुलत असेल, तर आता ते बाहेर काढावे. हे काम उघडीप असलेल्या दिवशी करावे. झाड ओढू नये. कुंडी आडवी करून भिंतींवर थापट्या द्याव्यात आणि माती सैल झाल्यावर झाड तळहातावर घ्यावे.

निरोगी मुळे फिकट रंगाची, ताणल्यावर न तुटणारी असतात आणि त्यांची टोके पांढरी दिसतात. मेलेल्या मुळाची साल चिमटीत धरून ओढली की मोज्यासारखी निघून येते आणि आत केसाएवढा दोरा उरतो. कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरी मेणचट भुकटी दिसली तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण आहे. मग सगळी माती फेकून, मुळे पाण्याने धुऊन, कुंडी उकळत्या पाण्याने धुतल्याशिवाय पुन्हा लावू नये.

येथेच सर्वांत दुर्लक्षित कारण सापडते. रोपवाटिकेतून आलेल्या झाडाच्या मानेभोवती, म्हणजे अंग मुळांना जुळते त्या भागाभोवती, बहुतेक वेळा कोकोपीटचा लहानसा गोळा असतो, कधी त्यावर बारीक जाळीही गुंडाळलेली असते. घरी आणल्यावर आपण त्याभोवती कितीही चांगले मिश्रण भरले तरी तो गोळा तसाच राहतो, भोवतीचे मिश्रण सुकून गेल्यावरही ओला असतो, आणि झाडाच्या नेमक्या मध्यबिंदूखाली ओल धरून ठेवतो. बाहेरून घातलेली काडी कोरडी येते, पण आत कूज चाललेली असते. दोन मुळांच्या मधून टूथपिकने तो गोळा थोडा थोडा मोकळा करावा आणि जाळी कात्रीने कापून काढावी. नवे झाड आणल्यावर पहिल्याच कोरड्या हंगामात हे केले, तर पुढच्या पावसाळ्यातल्या कितीतरी अडचणी मुळातच उरत नाहीत.

मुळे अर्धी मेलेली पण मान टणक व फिकट रंगाची असेल, तर मेलेली मुळे कापून झाड सावलीत, हवेशीर जागी, वर्तमानपत्रावर आडवे ठेवावे. पावसाळ्यात जखम सुकायला उन्हाळ्याच्या दुप्पट वेळ लागतो, म्हणून दोन आठवडे थांबण्याची तयारी ठेवावी. त्यानंतर कोरड्या मिश्रणात ठेवून आणखी आठवड्याने पहिले थोडे पाणी द्यावे. झाडाला स्वतःच्या साठ्यावर इतके दिवस काढता येतात, घाई आपल्याला असते.

मिश्रणाविषयी

नाशिक परिसराची काळी माती या झाडासाठी कुंडीत अजिबात वापरू नये. ती ओली असताना फुगते आणि सुकताना आक्रसून मुळे तोडते. मी वापरतो ते मिश्रण असे : चाळलेला, धुतलेला मुरूम, साधारण तीन ते सहा मिलिमीटरच्या खड्यांचा, पाच भाग, त्याच आकाराचे विटांचे तुकडे किंवा प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) तीन भाग, आणि पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत किंवा गांडूळखत एक ते दीड भाग. मुरूम धुणे टाळू नये, कारण त्यातली बारीक पूड तळाशी बसून छिद्र बुजवते. सिन्नरकडचा मुरूम मला या कामाला चांगला वाटतो, पण खडा दाबल्यावर बोटांत चुरा होत नसेल तर कोठलाही चालेल. भरलेल्या कुंडीवर पेलाभर पाणी ओतावे, काही सेकंदांत ते तळातून वाहू लागले पाहिजे. पाणी वर तुंबून राहिले तर मिश्रण नापास.

कुंडी झाडापेक्षा बोटभरच मोठी असावी. मोठ्या कुंडीतली जादा माती मुळांच्या आवाक्याबाहेर राहते आणि म्हणून सुकत नाही.

पाण्याचा प्रश्न त्यामानाने लहान आहे. गंगापूर धरणाचे नळाचे पाणी मला अडचणीचे वाटलेले नाही. बोअरवेलचे जड पाणी वर्षभर दिले तर कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो आणि मुळांची वाढ मंदावते. तसे असेल तर पावसाचे पाणी बाटल्यांत साठवून ऑक्टोबरनंतर वापरावे.

चाकू लावण्याची वेळ

मान रुतत असेल, किंवा तिचा रंग तपकिरी असेल, तर कापण्यावाचून मार्ग नाही, आणि तेव्हा उद्यावर ढकलू नये. उष्ण, दमट हवेत कूज दोन-तीन दिवसांत झाडाच्या पार जाते.

पातळ पात्याचा चाकू स्पिरिटने पुसावा आणि झाडाचा तळ आडवा, पातळ चकतीएवढा कापावा. कापलेला भाग पाहावा. निरोगी मांस फिकट हिरवट पांढरे असते आणि मध्याभोवती वाहिन्यांचे एक लहान वलय दिसते. त्या वलयात नारिंगी किंवा तपकिरी ठिपका असेल, मग तो टाचणीच्या टोकाएवढा का असेना, कूज त्याच्याही वर गेली आहे असे समजावे. चाकू पुन्हा पुसून दुसरी चकती काढावी. दर वेळी चाकू पुसणे हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे पथ्य आहे, नाहीतर आपणच रोग वर नेतो. वलय पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत कापावे, नंतर कापलेल्या भागावर गंधकाची भुकटी लावून झाड हवेशीर सावलीत, कापलेली बाजू वर करून सुकू द्यावे.

झाड उंचीने मुळातच दोन ते सहा सेंटिमीटर असते, त्यामुळे इतर कॅक्टसप्रमाणे येथे कापायला जागा नसते, आणि ही गोष्ट विसरून अनेकजण आशेने कापत राहतात. निम्म्यापेक्षा जास्त उंची गेली तर उरलेल्या भागाला स्वतःची मुळे फुटण्याची शक्यता फारच थोडी राहते. तेथे हात थांबवावा.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

उरलेला शेंडा निम्म्याहून कमी पण स्वच्छ असेल, तर तो कलमानेच वाचतो, आणि पहिले कलम अशा दुर्मीळ झाडावर शिकू नये. खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर शेंडा बसवायचा ते झाड म्हणून, ड्रॅगन फ्रूटची फांदी चालते आणि ती आपल्याकडे सहज मिळते. तिला थंडी सोसत नाही, म्हणून अशा कलमाला हिवाळ्यात घराच्या उबेत ठेवावे लागते. शेंड्याचे आणि खुंटाचे वलय एकमेकांवर काही अंशी तरी बसले पाहिजे, दाब समान असला पाहिजे, आणि हे सगळे कापलेले भाग सुकण्याआधी काही मिनिटांत व्हावे लागते. नाशिक जिल्ह्यात डॉगरिज खुंटावर द्राक्षाचे कलम बांधणारे कुशल हात पुष्कळ आहेत, पण पाचर कलम आणि कॅक्टसचे सपाट कलम यांत फरक आहे. ज्याने प्रत्यक्ष कॅक्टसची कलमे केली आहेत, अशा रोपवाटिकेतल्या माणसाकडेच शेंडा न्यावा. तोपर्यंत तो कोरड्या कागदात गुंडाळून ठेवावा, ओल्या कापडात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत नव्हे, आणि त्याच दिवशी पोहोचवावा, कारण कलमाच्या वेळी तो पुन्हा ताजा कापला जातो.

शेंड्याच्या मध्यबिंदूपर्यंत तपकिरी रेषा पोहोचली असेल, तर झाड गेले आहे. कोणत्याही औषधाने ते परतत नाही, आणि ते शेजारच्या झाडांजवळ ठेवण्यात धोका आहे.

एकाच महिन्यात, वेगवेगळ्या कुंड्यांतील दोन-तीन झाडे एकाच रीतीने मऊ पडू लागली, तर घरगुती तपासण्या थांबवून वनस्पती रोगतज्ज्ञाकडे जावे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात, किंवा कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात चौकशी करावी. हा सल्ला अशासाठी देतो की आपल्याकडे जवळपास प्रत्येकाच्या ओळखीत एखादी द्राक्षबाग असते आणि तेथून आपुलकीने डाऊनीचे, म्हणजे द्राक्षावरच्या केवडा रोगाचे, औषध येते. मेटालॅक्झिल असलेले ते औषध फायटोफ्थोरा आणि पिथियमसारख्या रोगकारकांवर चालते, फ्युजॅरियम या बुरशीवर नाही. कार्बेन्डाझिम या दुसऱ्या बुरशीनाशकाचे नेमके उलट आहे. आणि कूज जिवाणूंची असेल, तर दोन्हींचा काही उपयोग नाही. हे तिन्ही प्रकार डोळ्यांनी खात्रीने वेगळे ओळखता येत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. अंदाजाने एकामागून एक औषध ओतण्यात जे दिवस जातात, त्या दिवसांत उरलेली झाडेही हातची जातात.

तज्ज्ञाकडे जाताना अर्धवट बाधित झाड न्यावे, पूर्ण कुजलेले नव्हे, कारण कुजलेल्या मांसात नंतर शिरलेले जंतूच अधिक असतात आणि मूळ कारण सापडत नाही. सोबत त्याच कुंडीतली मूठभर माती कागदी पिशवीत घ्यावी. शेवटचे पाणी कधी दिले, कुंडी कोठे होती, आणि आतापर्यंत कोणते औषध घातले, हे कागदावर लिहून न्यावे. औषध घातले असेल तर ते लपवू नये.

वाचलेल्या झाडांपैकी शक्यतो दोन तरी वेगवेगळ्या जागी ठेवावीत. ॲस्टेरियासच्या फुलाला स्वतःचे परागकण चालत नाहीत, बी धरायला दुसरे, निराळ्या बीपासूनचे झाड फुलात असावे लागते, म्हणून जोडीतले एक गेले की बियाणेही थांबते. बाधित कुंडीतली माती बागेत किंवा कंपोस्टमध्ये टाकू नये, बांधून कचऱ्यात द्यावी. कुंडी साबणाने घासून, उकळते पाणी ओतून, आठवडाभर कडक उन्हात वाळवल्यावरच पुन्हा वापरावी. पावसाळ्यात असे ऊन मिळत नसेल तर ती कुंडी ऑक्टोबरपर्यंत बाजूला ठेवावी.